एका यंत्रातील अनेक बिऱ्हाडे

गेल्या पालकसभेच्या दिवशी शाळेच्या संगणकखोलीत जो प्रकार घडला, त्याची हकीकत कमीअधिक तिखटमीठ लावून बहुतेक विद्यार्थ्यांच्या व कित्येक पालकांच्या कानी गेलेलीच आहे. ग्रंथालयाची पुस्तकसूची पाहावी म्हणून पालकांनी यंत्रावर ग्रंथालयाचे नाव टाइप केले, आणि पडद्यावर सूचीऐवजी चिमण्यांची चित्रे उमटली. हे चिमण्यांचे संकेतस्थळ इयत्ता दहावीतील एका विद्यार्थ्याने माझ्याच परवानगीने तयार केलेले होते. "ग्रंथालयाच्या पानांत तू हात घातलास," असे मी त्यास सर्वांदेखत बोललो व संगणकखोलीत येण्याची त्याची मोकळीक तत्क्षणी काढून घेतली. तो एवढेच म्हणाला, "सर, मी फक्त माझी फाइल ठेवली." त्याचे ते बोलणे मी ऐकून घेतले नाही.

पुढे असे उघडकीस आले की, त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते व चूक माझी होती. तीही त्या दिवसाची नव्हे, दोन वर्षांपूर्वीची. त्याची क्षमा मी वर्गासमोर मागितली आहे. परंतु ज्यांच्यासमोर मी त्यास दोष दिला ते पालक काही वर्गात नव्हते. हा वार्षिक अंक मात्र त्यांच्या घरी जातो. तेव्हा चूक कोठे झाली व कशी झाली, हे त्यांस नीट कळावे अशा रीतीने येथे लिहिणे मजकडे लागते. शिवाय एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे कशी नांदतात हा विषय आमच्या विद्यार्थ्यांस पुढेमागे उपयोगी पडणारा आहेच.

ज्या संगणकावर पाने साठविलेली असतात व मागणी येताच जो ती पुरवितो, त्यावरील आज्ञावलीस वेब सर्व्हर म्हणतात. मागणी करणाऱ्या बाजूस ब्राउझर असतो. सर्व्हर म्हणजे कोठेतरी परदेशी असलेले प्रचंड यंत्र, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे काही नाही. आमच्या खोलीतील कोपऱ्यात असलेला जुना संगणक हाच आमचा सर्व्हर आहे. त्याच्या तारा खोलीतील वीस यंत्रांपर्यंत जातात व तेथेच संपतात. बाहेरच्या इंटरनेटचा त्याशी काही संबंध नाही. त्यावर 'अपाची' नावाची आज्ञावली चालते. ती १९९५ साली, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात तयार झालेल्या एका सर्व्हरच्या आधाराने उदयास आली. आज ती कोणासही विनामूल्य मिळते.

आता मुख्य प्रश्न. यंत्र एक, त्याचा अंकी पत्ता एक, आणि त्यावर ग्रंथालयाचे एक व चिमण्यांचे दुसरे अशी दोन संकेतस्थळे. मागणी आली म्हणजे कोणाची पाने द्यावयाची, हे सर्व्हरास कळते कसे?

मुंबईतील एखादी मोठी चाळ डोळ्यांपुढे आणा. रस्त्याच्या बाजूस एकच दार व एकच क्रमांक. आत मात्र चाळीस बिऱ्हाडे. टपालवाला पत्रांचा गठ्ठा दाराशी बसलेल्या मेहत्याच्या हाती देतो व पुढच्या चाळीकडे जातो. त्यास चाळीच्या क्रमांकाशी काम. आत कोण राहते हे पाहण्याचे त्यास कारण नाही. पाकिटावरील नाव वाचून पत्र योग्य खोलीत पोचविणे हे मेहत्याचे काम. असे समजा की, हा मेहता अत्यंत आज्ञाधारक परंतु तितकाच निर्बुद्ध आहे. त्याजपाशी बिऱ्हाडांची एक यादी आहे. पत्रावरील नाव यादीत सापडले तर तो पत्र त्या खोलीत देतो. न सापडले तर मात्र तो पत्र परत पाठवीत नाही, कोणास विचारीतही नाही. यादीतील पहिल्या बिऱ्हाडात ते टाकून मोकळा होतो. त्या बिऱ्हाडातून उत्तर जाते, आणि पत्र लिहिणाऱ्यास वाटते की आपण ज्यास लिहिले त्यानेच हे उत्तर दिले!

चाळ म्हणजे सर्व्हरचे यंत्र, क्रमांक म्हणजे त्याचा अंकी पत्ता, मेहता म्हणजे अपाची, आणि एकेक बिऱ्हाड म्हणजे एकेक 'व्हर्च्युअल होस्ट'. ह्या शब्दाचे 'आभासी यजमान' असे भाषांतर कोणी करील. परंतु त्याने अर्थबोध होण्याऐवजी गोंधळच वाढेल, म्हणून मी मूळ शब्दच ठेवितो. मेहत्याच्या ह्या स्वभावावरच पुढील सर्व हकीकत अवलंबून आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पत्रावर नाव लिहिण्याची ही पद्धत आरंभापासून होती असे मात्र नाही. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.० ह्या आवृत्तीत ब्राउझरने कोणते पान पाहिजे एवढे सांगितले म्हणजे पुरे होत असे. कोणाचे पान, हे सांगण्याची सक्ती नव्हती. ज्या क्रमांकावर पत्र आले त्याच क्रमांकाचा मालक ते वाचणार, असे गृहीत धरलेले होते. परिणाम असा की, प्रत्येक संकेतस्थळास स्वतंत्र अंकी पत्ता लागे. जणू प्रत्येक बिऱ्हाडासाठी रस्त्यावर निराळे दार! त्या काळच्या पद्धतीचे एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होऊ शकतात. संख्या मोठी दिसते, पण जगाच्या लोकसंख्येपुढे ती अपुरीच. जानेवारी १९९७ मध्ये १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, तीत प्रत्येक मागणीबरोबर 'होस्ट' ह्या शीर्षकाखाली संकेतस्थळाचे नाव लिहिलेच पाहिजे असा नियम घातला गेला. ती ओळ नसेल तर सर्व्हरने ४०० ह्या क्रमांकाची चूक दाखवून मागणी नाकारावी, असाही दंडक आहे. ही एक ओळ नसती तर आज एकेका यंत्रावर शेकडो संकेतस्थळे सुखाने नांदती ना.

येथे विद्यार्थ्यांची एक गफलत नेहमी होते. नाव एकदा कोठेतरी लिहिले की काम झाले, असे त्यांस वाटते. वस्तुतः नाव दोन ठिकाणी लिहावे लागते, आणि त्या दोन ठिकाणांचा एकमेकांशी काडीचाही परिचय नसतो.

पहिले ठिकाण मागणी करणाऱ्याच्या यंत्रात. ब्राउझरमध्ये नाव टाइप केले की प्रथम त्या नावाचा अंकी पत्ता शोधला जातो, कारण तारेवरून मागणी जावयाची ती अंकांच्या आधारे. बाहेरच्या जगात हे काम 'डीएनएस' नावाची व्यवस्था करते. खोलीतल्या खोलीत त्यासाठी 'होस्ट्स' नावाची एक लहानशी फाइल पुरते. तिच्या प्रत्येक ओळीत आधी अंकी पत्ता व नंतर नाव, एवढाच मजकूर. ही फाइल दिसावयास क्षुल्लक, परंतु डीएनएसपेक्षा वयाने वडील आहे. आर्पानेटच्या दिवसांत त्या जाळ्यातील यावत् यंत्रांची नावे एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातील एसआरआय या संशोधनसंस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती फाइल सांभाळली जाई व इतर सर्व तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे वाढत गेली तसा हा नकला करण्याचा व्याप आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची योजना मांडली. जुनी फाइल मात्र प्रत्येक संगणकात अद्यापि शिल्लक आहे, आणि सामान्यतः संगणक प्रथम तीच वाचतो. लिनक्समध्ये ती 'ईटीसी' ह्या फोल्डरमध्ये सापडते. विंडोजमध्ये 'सिस्टम ३२' च्या पोटात 'ड्रायव्हर्स' व त्याच्या पोटात पुन्हा 'ईटीसी'. तीत बदल करावयाचा तर व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. विंडोजवर नोटपॅडने ती जतन करिताना नावापुढे 'टीएक्सटी' हे शेपूट लागणार नाही ह्याची काळजी घ्यावी. लागले तर आपण दुसरीच फाइल लिहून बसतो व मूळची जशीच्या तशी राहते. ह्या एका शेपटापायी माझ्या दोन तासिका वाया गेलेल्या आहेत!

स्वतःच्याच यंत्रावर सर्व्हर असेल तर होस्ट्स फाइलीत १२७.०.०.१ हा पत्ता लिहावयाचा. तो प्रत्येक यंत्राचा स्वतःशी बोलण्याचा पत्ता होय. परंतु दुसऱ्या यंत्रावरून पाहावयाचे असेल तर हा पत्ता निरुपयोगी, कारण ते यंत्र स्वतःशीच बोलू लागेल. तेथे सर्व्हरचा खोलीतील पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० असा काहीतरी, लिहावा लागतो. आमच्या वीसही यंत्रांत विद्यार्थ्यांनी तो हाताने लिहिलेला आहे. (अंक व अक्षरे येथे मी देवनागरीत देत असलो तरी यंत्रावर ती इंग्रजीतच टाइप करावयाची, हे सांगणे नलगे.)

दुसरे ठिकाण सर्व्हरच्या यंत्रात. म्हणजे मेहत्याची यादी. आमच्या सर्व्हरवर उबुंटू आहे. उबुंटू व डेबियन ह्यांवर प्रत्येक बिऱ्हाडाची एक निराळी फाइल करण्याची रीत आहे. 'साइट्स-अव्हेलेबल' ह्या फोल्डरमध्ये ती लिहून ठेवावयाची व 'ए-टू-एन-साइट' ही आज्ञा देऊन चालू करावयाची. फाइलीत मुख्य गोष्टी दोनच. 'सर्व्हरनेम' ह्या शब्दापुढे संकेतस्थळाचे नाव, आणि 'डॉक्युमेंटरूट' ह्या शब्दापुढे पाने ज्या फोल्डरमध्ये आहेत त्याचा मार्ग. हे दोन शब्द 'व्हर्च्युअलहोस्ट' अशा आरंभाच्या व शेवटाच्या खुणांमध्ये लिहिले, आरंभीच्या खुणेत ८० हा दाराचा अंक घातला, की बिऱ्हाड थाटले. पाने नेहमीच्या जागेहून निराळ्या ठिकाणी ठेविली असतील तर त्या फोल्डरसाठी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' ही परवानगीची ओळही पाहिजे. ती विसरली की पडद्यावर ४०३ हा अंक येऊन उभा राहतो, आणि मुले नावात चूक शोधीत बसतात. नाव बरोबरच असते; मेहत्यास खोली सापडलेली असते, पण आत जाण्यास मनाई असते. लेखन झाल्यावर 'कॉन्फिगटेस्ट' करून पाहावे. ते 'सिन्टॅक्स ओके' म्हणाले म्हणजेच सर्व्हरास नवी यादी वाचावयास सांगावे. चुकलेल्या फाइलीसह सर्व्हर सुरूच होत नाही, आणि मग एका बिऱ्हाडाच्या चुकीने सारी चाळ अंधारात बसते. 'सिन्टॅक्स ओके' ह्याचा अर्थ व्याकरण ठीक, एवढाच. मजकूर खरा आहे की नाही हे ते सांगत नाही, आणि माझी चूक नेमकी ह्याच फटीतून निसटली.

दोन वर्षांपूर्वी मी सर्व्हर मांडला तेव्हा त्यावर ग्रंथालयाचे एकच संकेतस्थळ होते. उबुंटू आपल्याकडून एक आरंभीची फाइल देते. तिच्या नावाच्या आरंभी तीन शून्ये असतात. पसारा नको म्हणून मी ती बंद करून टाकली. ती शून्ये कशासाठी असतात ह्याचा विचार केला नाही. नंतर ग्रंथालयाची फाइल लिहिली. आता 'ग्रंथालय' हा शब्द रोमन लिपीत लिहिताना शेवटी 'ए' हे अक्षर द्यावे की नाही, ह्याविषयी आपणा मराठी माणसांत एकवाक्यता नाही. एकाच रस्त्यावरील दोन पाट्यांवर तो दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. यंत्रांच्या होस्ट्स फाइलींत मुलांनी 'ए' न देता लिहिले. सर्व्हरनेमपुढे मी 'ए' देऊन लिहिले. मेहत्याच्या दृष्टीने ही दोन निराळी माणसे.

तरी दोन वर्षे सारे सुरळीत चालले. का? कारण यादीत बिऱ्हाडच एक होते. 'ए' नसलेल्या नावाने पत्र आले की मेहता यादी पाही, नाव सापडत नसे, आणि नियमाप्रमाणे तो ते पहिल्या बिऱ्हाडात टाकी. पहिले बिऱ्हाड ग्रंथालयाचे! दोन वर्षे प्रत्येक पत्र चुकीच्या नावाने येऊन योग्य घरी पडत होते, आणि मी समजत होतो की माझी मांडणी बिनचूक आहे.

मग आमच्या ह्या विद्यार्थ्याने शाळेच्या आवारातील चिमण्यांची चित्रे व टिपणे जमवून संकेतस्थळ केले. नाव निवडले 'चिमण्या'. त्याने होस्ट्समध्ये व सर्व्हरनेमपुढे एकच लेखन केले, परवानगीची ओळ घातली, तपासणी केली. त्याची फाइल मी आता ओळ अन् ओळ वाचली आहे. तीत बोट ठेवावयास जागा नाही. परंतु अपाची ह्या फाइली वाचतो त्या नावांच्या वर्णानुक्रमाने. चिमण्यांचे रोमन अक्षर 'सी', ग्रंथालयाचे 'जी'. 'सी' आधी येतो. म्हणून त्या दिवसापासून यादीतील पहिले बिऱ्हाड चिमण्यांचे झाले, आणि ग्रंथालयाची बेवारशी पत्रे चिमण्यांच्या घरी पडू लागली. त्याने ग्रंथालयाच्या पानांस हात लावला नव्हता. ती पाने कोठे आहेत हेही त्यास ठाऊक नव्हते.

हे उलगडले ते त्याच्या आईच्या एका साध्या प्रश्नामुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेत आल्या. मुलाची रदबदली करण्यासाठी आल्या असतील असे समजून मी थोडा ताठरच बोललो. त्यांनी विचारले, "सर, पुस्तकांची पाने पुसली गेली आहेत का?" मी म्हणालो, "तपासले नाही." हे शब्द तोंडून निघताच माझी मलाच लाज वाटली. शिक्षा आधी झाली होती व तपास राहिला होता! त्यांच्यासमक्ष फोल्डर उघडले. एकूणएक पान जागच्या जागी होते, व त्यांवरील तारखाही जुन्याच होत्या. मग सर्व्हरास त्याची यादी वाचून दाखविण्याची आज्ञा दिली. 'अपाची-टू-सीटीएल' ह्या शब्दापुढे एक आडवी रेघ व मोठा 'एस' लिहिला की ती मिळते. यादीच्या शिरोभागी 'डिफॉल्ट सर्व्हर' म्हणून चिमण्यांचे नाव होते, आणि खाली ग्रंथालयाचे, माझ्या हातच्या त्या जादा 'ए' सकट. ही आज्ञा देण्यास अर्धे मिनिट लागते. आदल्या दिवशी ती दिली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

हा स्वभाव एकट्या अपाचीचा आहे असेही कोणी समजू नये. 'एन्जिनएक्स' नावाचा दुसरा लोकप्रिय सर्व्हर आहे, त्यातही आपण स्पष्टपणे दुसरे सांगितले नाही तर अनोळखी नावाची मागणी पहिल्याच विभागाकडे जाते. नावाऐवजी नुसता अंकी पत्ता टाइप केला तरी तेच.

दोन गोष्टी ओघाने सांगतो. घरगुती संकेतस्थळास नाव देताना शेवटी 'टेस्ट' हे पद लावावे, जसे आम्ही लावितो. जून १९९९ मध्ये हे पद केवळ प्रयोगासाठी राखून ठेवण्यात आले आहे. बाहेरच्या जगात ते कोणासही मिळणार नाही. कित्येक लोक पूर्वी हौसेने 'डेव्ह' हे पद लावीत असत. पुढे ते पद गूगल कंपनीच्या ताब्यात गेले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या क्रोमच्या ६३ व्या आवृत्तीने त्या पदाच्या यच्चयावत् नावांस सुरक्षित जोडणीची सक्ती केली. घरोघरची चालती संकेतस्थळे एका रात्रीत उघडेनाशी झाली.

दुसरी गोष्ट, देवनागरी नावांची. नाव मराठीतच लिहिले असते तर 'ए' चा घोळ झाला नसता, असे एका हुशार मुलीने मला सुनावले. तिचे म्हणणे रास्त आहे. 'भारत' हे देवनागरी पद २०१४ च्या ऑगस्टपासून सर्वांस खुले आहे. परंतु डीएनएसच्या व सर्व्हरच्या पोटात अशा नावाचे 'प्युनीकोड' नामक रोमन रूपांतर करावे लागते; ते 'एक्सएन' ह्या अक्षरांनी सुरू होते व पुढील अक्षरे मनुष्याने वाचण्याजोगी नसतात. सर्व्हरनेमपुढे ते लिहिताना माझ्या हातून किती चुका झाल्या असत्या, ह्याची कल्पनाही न केलेली बरी.

आता काय दुरुस्ती केली ते सांगतो. ग्रंथालयाच्या फाइलीत सर्व्हरनेमपुढील 'ए' काढला, आणि 'सर्व्हरअलियस' म्हणून एक ओळ असते तीत 'ए' सह दुसरे लेखनही नोंदविले. एका माणसाची दोन नावे मेहत्यास आता माहीत आहेत. बंद केलेली शून्यांची फाइल पुन्हा चालू केली. ती वर्णानुक्रमात सर्वांच्या आधी येते, ह्यासाठीच ती शून्ये! तीत एकच पान ठेविले आहे: "ह्या नावाचे येथे कोणी राहत नाही. नाव पुन्हा पाहून टाइप करावे." हा मजकूर त्याच विद्यार्थ्याने लिहिला. खाली माझी सही असावी असा त्याचा आग्रह होता व तो मी मान्य केला.

त्याची संगणकखोलीतील मोकळीक त्यास परत मिळाली आहे. ज्या पालकांनी त्या दिवशी चिमण्या पाहिल्या, त्यांनी पुढील सभेस पुन्हा पाहाव्यात अशी विनंती आहे. घरट्यांची काही नवी चित्रे त्याने मधल्या काळात घातली आहेत. नावाच्या शेवटी 'टेस्ट' आणि आरंभी 'एचटीटीपी' ही अक्षरे लिहावी. ती न लिहिल्यास ब्राउझर कधीकधी त्यास नाव न समजता शोधावयाचा शब्द समजतो, आणि आमच्या खोलीत इंटरनेट नसल्यामुळे नुसता कोरा पडदा दाखवितो. तसे झाल्यास कोणास बोलण्यापूर्वी मला हाक मारावी.